पाडव्यापर्यंत थेंब नाही

मेहरूण, जळगाव
२० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कांस,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

पाणी घालायला कोणीही घालतं, न घालायला माणूस लागतं, असं तुम्ही मला एकदा म्हणाला होतात. चौतीस वर्षं झाली. मी बारा वर्षांची होते. तुम्ही मोगरा छाटून ताणावर, म्हणजे बिनपाण्याचा, सोडला होता, आणि त्याची मान पडलेली बघवेना म्हणून मी रोज संध्याकाळी चोरून तांब्याभर पाणी घालत होते. त्या वर्षी मोगऱ्याला पालेभाजीसारखी पानं आली आणि फूल एकही आलं नाही. काल झारी हातात घेऊन बागेत उभी होते, तेव्हा ते वाक्य आठवलं. झारी खाली ठेवली. मग गुलाबांकडे पाहून परत उचलली. म्हणून हे पत्र.

काल संध्याकाळी मेहरूण तलावावर एक विचित्र आभाळ आलं. ढगाच्या पोटाला गाठोडी लोंबत होती, शेकड्यांनी, एकसारखी, सगळी पिवळट. तलावाला फेऱ्या मारणारी माणसं जागच्या जागी थांबून फोन वर धरून उभी राहिली. ललित म्हणाले, अंड्यांचा ट्रे खालून पाहिल्यासारखं दिसतंय. मला नवऱ्याची ही उपमा आवडली नाही, पण दुसरी सुचेना. अर्ध्या तासात सगळं विरून गेलं.

आता विचारायचं ते असं, की गारा पडणार का? आंब्याला यंदा पहिल्यांदाच मोहोर आलाय. गुलाब भरात आहेत. शेजारच्या बेबाबाईंनी बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, पीठ भिजवलंय आणि त्या माझ्या तोंडाकडे बघतायत, कारण माझी आत्या भूगोलाची बाई होती हे मी कधीतरी सांगून बसले. फोन केला असता, पण फोनवर माणसाचा चेहरा दिसत नाही आणि अक्षरही दिसत नाही, म्हणून तुम्ही उचलत नाही, हे माहीत आहे.

तब्येतीबद्दल सविस्तर लिहावं. लोभ आहेच, त्याला ताण देऊ नये, ही विनंती.

आपली,
सुलक्षणा

---

देवपूर, धुळे
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुलक्षणास,
अ. उ. आ.

पत्र चार दिवसांनी मिळालं. तेवढ्या वेळात तू एसटीने सात-आठदा येऊन गेली असतीस. असो.

गाठोड्यांचे ढग वादळाच्या पुढे येत नाहीत, बहुतेक मागे येतात. मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो तसे. गाडी दुसरीकडून गेली, तुला डबा दिसला. डब्याला घाबरून उपयोग नाही. बेबाबाईंना म्हणावं, बिबडे घाला. मोहोर आहे तोवर आंब्याला पाणी देऊ नकोस, वाटाण्याएवढी फळं धरली की सुरू कर. आभाळ राहिलं तर मोहोरावर तुडतुडे येतात, तेवढं पाहत जा. गुलाबांना काही करू नकोस. बागेतल्या शंभर प्रश्नांपैकी ऐंशींचं उत्तर काही करू नकोस हेच असतं. ते ऐकून कोणाचं समाधान होत नाही, म्हणून खताची दुकानं चालतात.

इकडेही एक ढग आहे. तुझ्यासारखा अर्ध्या तासाचा नाही, मुक्कामाचा आहे. रंग ताकासारखा, कडा धुरकट. सकाळच्या उन्हात दाट होतो, सूर्य कलला की जरा विरळ. त्यातून पाहिलं तर सूर्याला खळं दिसतं, आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यालाही. इतकी वर्षं ढगांची वही ठेवते आहे, पण दिव्याला खळं पाडणारा ढग नोंदलेला नाही. मी गारांची तयारी म्हणून जुनी लुगडी काढून गुलाबांवर टाकली आहेत. शेजारचा चिंध्या म्हणतो, बाग माहेरवाशिणींनी भरल्यासारखी दिसते. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त आहे आणि भिंतीवरून बोलत असतो.

उद्या महाशिवरात्र. परवा नेहमीप्रमाणे मोगरा छाटून ताणावर टाकेन. होळी झाली की पहिलं पाणी. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुझ्या वडिलांच्या, नानाच्या, नावाने भरलेल्या घागरीवर फुलं असतील. माझा धाकटा भाऊ फुलांच्या बाबतीत चिकित्सक होता. तू आखाजीला येणार नाहीसच, तरी रीत म्हणून बोलावते.

तब्येत उत्तम. लोभ वाढवायची गरज नाही, आहे तो वापरत जा.

तुझी,
अक्का

---

मेहरूण, जळगाव
१ मार्च २०२५

ती. अक्कांस,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज सकाळी मिळाल्यापासून चारदा गच्चीवर जाऊन पश्चिमेला, धुळ्याकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ आहे. पेपरात स्वच्छ आहे. उपग्रहाचा फोटो फोनवर मिळतो, त्यातही खानदेशावर कापसाच्या बोंडाएवढीसुद्धा पांढरी खूण नाही. आमच्या ग्रंथालयातला योगेंद्र रोज धुळ्याहून ये-जा करतो. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, घासलेल्या ताटासारखं आभाळ आहे. त्याने मी हे का विचारते असं विचारलं. मी म्हटलं, आत्याचा ढग आहे.

तुम्हीच शिकवलं होतं, की ढग नोंदण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या. तो सरकतो का, त्याची सावली पडते का, आणि आपल्याशिवाय आणखी कोणाला दिसतो का. त्या तिन्ही मी तुम्हाला विचारते आहे. आणि चौथी माझी. एकदा डावा डोळा झाकून त्या ढगाकडे पाहावं, मग उजवा झाकून पाहावं, आणि काय दिसलं ते कळवावं.

रागावू नये. तुमचं अक्षर म्हणजे शाळेच्या फळ्यावरची आखलेली ओळ. या वेळच्या पत्रात दुसरी ओळ पहिलीच्या अंगावर चढली आहे, आणि माझं नाव कागद संपल्यावरही चालू राहिलं असावं, कारण शेवटचं अक्षर कागदावर नाही.

आंब्याला पाणी देत नाही. कठीण जातंय. माया करावी आणि ती आवरूनही धरावी, ही विनंती.

आपली,
सुलक्षणा

---

देवपूर, धुळे
६ मार्च २०२५

चि. सौ. सुलक्षणास,
अ. उ. आ.

माझं मनगट मुरगळलं आहे म्हणून हे पत्र चिंध्याकडून लिहवून घेते. (ताई, नमस्कार. मनगटाला काही नाही. सकाळी भरलेली बादली त्याच हाताने उचलली. चिंधा.)

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. ढग सरकतो. मी मान जिकडे वळवते तिकडे तो येतो. सावली पडते, पेपरवर जास्त, भाकरीवर कमी. आणखी कोणाला दिसत नाही. डावा डोळा झाकला तर ढगच ढग. उजवा झाकला तर थोडं आभाळ. यावरून ढग फारच खालून चालला आहे असं अनुमान निघतं. (मी हसलो नाही, ताई. त्या एकदम गंभीरपणे सांगताहेत.)

मोगरा ठरल्याप्रमाणे छाटला. बाकी बठ्ठं ठीक शे. (हे मी माझ्या मनाने लिहिलं. अक्का ठीक आहे एवढंच म्हणाल्या.) कांदे निघाले आहेत. ऊन वाढलं. होळीला पुरणाचे मांडे करणार नाही, खाणारं कोणी नाही. (मी आहे.)

प्रेम असू दे. ते मी पडताळून पाहत नाही, यावरून समज.

तुझी,
अक्का

ता. क. अक्कांनी पत्र ऐकून सही केली. आता माझा नमस्कार लिहितो, असं त्यांना सांगितलंय.

ताई, त्यांनी मोगरा छाटलेला नाही. त्यांनी आमच्या भिंतीकडची मेंदी बुंध्यापासून छाटली. अंगणात त्या पावलं मोजून चालतात, हे मला माहीत नव्हतं. दिवाळीत नवीन टाकी बसवली, तिला वळसा घालताना तीन पावलं हुकली. आठ दिवस मेंदीला ताण आहे आणि मोगऱ्याला रोज बादलीभर पाणी. मेंदीने मनावर घेतलेलं नाही. पण मी काल सांगितलं तेव्हा अक्का मोगऱ्यापाशी गेल्या, पानं हातात घेऊन चुरली, वास घेतला आणि घरात गेल्या. जेवल्या नाहीत.

मी त्यांना जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पूर्ण पिकलाय. ऑपरेशन साधं आहे म्हणाले, पण पाडव्याच्या पुढे ढकलू नका, डोळ्यात दाब वाढला तर गेलेली नजर परत येणार नाही. अक्का म्हणतात, आखाजी झाल्यावर. कारण ऑपरेशननंतर पंधरा दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. मग बाग कोण बघणार? मी बघतो म्हटलं, तर म्हणाल्या, तुझा हात पाण्याला सैल आहे. ते खरं आहे.

नमस्कार इतका लांब का चाललाय, असं त्या विचारताहेत. कंडक्टर लोक हिशेबानेच नमस्कार करतात, असं सांगून इथे थांबतो.

चिंधा

---

मेहरूण, जळगाव
१० मार्च २०२५

ती. अक्कांस,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

चिंधाभाऊंचा नमस्कार दीड पानांचा होता. त्यांच्यावर रागावू नये. ते वाचून मी अर्धा दिवस ग्रंथालयात एकाच पुस्तकावर तीनदा शिक्का मारला.

मी एकोणीस तारखेची वेळ घेतली आहे. दवाखाना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. डॉक्टर तरुण आहेत, पण हात थरथरत नाही, हे मी त्यांना चहा घ्यायला लावून पाहिलं. ऑपरेशननंतर महिनाभर तुम्ही इथे माझ्या घरी राहावं. ललित औषधाचे थेंब घड्याळ लावून घालतील, त्यांना वेळापत्रकाची कामं आवडतात. आणि मी पंधरा दिवसांची रजा टाकून देवपूरला तुमच्या बागेत राहीन.

तुम्ही काय म्हणाल ते मी इथे बसून ऐकते आहे. हिच्या हाती बाग देणं म्हणजे मांजरापुढे दूध. कबूल. मला पाणी घालता येतं असं मी सांगतच नाही, ते कोणालाही येतं. मी दुसरं काम मागते आहे. चौतीस वर्षांपूर्वी ते मला जमलं नाही. पुन्हा मागायला मी सोळा वर्षं तुमच्या अंगणात आलेच नाही, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलाची शाळा, सगळी खरी कारणं. पण खऱ्या कारणांच्या मागेही माणूस लपू शकतं, हे मला तुमच्या ढगाने दाखवलं.

अक्का, मोगरा पुढच्या वर्षीही येतो. नजर येत नाही.

आशीर्वाद असावा, आणि या वेळी त्याबरोबर होकारही असावा, ही विनंती.

आपली,
सुलक्षणा

---

देवपूर, धुळे
१५ मार्च २०२५

चि. सौ. सुलक्षणास,
अ. उ. आ.

लिहिणारा चिंध्याच. आता कंस घालणार नाही असं कबूल करून बसला आहे. (बसलो आहे.)

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तो ढग कुठे आहे हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं. मी भूगोल शिकवला आहे, वेडी नाही. पण आकाशात ठेवला तर तो आपोआप जाईल, असं वाटत होतं. आकाशातले जातात. छत्तीस वर्षं मी मुलांना तेच शिकवलं.

काल धुळवडीला चिंध्याकडून मोगरा छाटून घेतला. प्रत्येक फांदी आधी मी हाताने चाचपली. कालपासून ताण आहे. तो पाडव्यापर्यंत, म्हणजे तीस तारखेपर्यंत. पाडव्याला गुढी उभी करून मग पहिलं पाणी, भरपूर, आळं भरून. तसं झालं तर आखाजीला फूल येईल. त्याआधी एक थेंबही पडला तर पानं येतील, आणि पानं घागरीवर ठेवता येत नाहीत. दहाव्या-बाराव्या दिवशी भरदुपारी तो मेल्यासारखा दिसेल. तो मेलेला नसतो. संध्याकाळी बघ, जरा सावरलेला असतो. दुपारी त्याच्याकडे जाऊच नकोस. कुंड्यांना सकाळी, जास्वंदीला एक दिवसाआड. नळी चिंध्याच्या हातात देऊ नकोस. (लिहिलं.) आणि रात्री झाडाशी बोलू नकोस. तू लहानपणी बोलायचीस, आणि बोललं की माणूस पाणी घालतं.

मला अजूनही वाटतं, तुला जमणार नाही. पण डॉक्टरने चहा सांडला नाही, हे ऐकून बरं वाटलं.

सतरा तारखेला चिंध्या मला एसटीत बसवून तुझ्याकडे घेऊन येतो आहे. टपाल चार दिवस घेईल, म्हणून हे पत्र मी बरोबरच आणते आहे. आधी पत्र वाच, मग मला आत घे.

तुझी,
अक्का

---

मेहरूण, जळगाव
२२ मार्च २०२५

चि. सौ. सुलक्षणास,
अ. उ. आ.

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. ललितराव थेंब घालून भाजी आणायला गेले आहेत, तेवढी वीस मिनिटं आहेत. अक्षर मोठं आहे, कारण जवळचं अजून अंधुक दिसतं. ओळी मोजून बघ.

लांबचं सगळं दिसतं. ललितरावांचे केस पांढरे झाले आहेत, हे मला कोणी कळवलं नव्हतं. तुझ्या स्वयंपाकघरात पंख्याची पाती काळी आहेत. तुझ्या गुलाबांवर तू जिला चकाकी म्हणत होतीस ती भुरीची बुरशी आहे. आंब्याला ज्वारीच्या दाण्याएवढी फळं धरली आहेत. वाटाण्याएवढी होऊ देत, मग मीच पाणी सांगेन. बेबाबाई मला बघायला आल्या, त्यांचे बिबडे वाळले. गारा पडल्या नाहीत याचं श्रेय त्यांनी मला दिलं. मी घेतलं.

आज सकाळी काळा चष्मा लावून गच्चीवर बसले होते. तलावाच्या बाजूने एक ढग आला. साधाच, पिंजलेल्या कापसाचा, वहीत एका ओळीत मावेल असा. माझ्यासमोरून आला, डोक्यावरून गेला, आणि शिरसोलीच्या बाजूला दिसेनासा झाला. मी तो पूर्ण पाहिला. ढग जातात, हे मी विसरले होते.

तुझ्या घरात मला काही काम नाही. मोगऱ्याचं खरंखरं कळव. पाणी घातलं असशील तर तेही कळव, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण इथून.

तुझी,
अक्का

---

देवपूर, धुळे
२६ मार्च २०२५

ती. अक्कांस,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आता दुपारी मिळालं. ओळी मोजल्या. सतरा आहेत, आणि एकही दुसरीच्या अंगावर नाही. अंगणातच उभी राहून वाचलं आणि चिंधाभाऊंना भिंतीवरून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि मग मेंदीला नवे कोंब आलेत असं सांगितलं.

कुंड्यांना सकाळी पाणी देते. जास्वंद एक दिवसाआड. नळी गुंडाळून मी माझ्या खाटेखाली ठेवली आहे, कारण परवा पहाटे चिंधाभाऊ ती हातात घेऊन मोगऱ्याकडे बघत उभे होते. नुसतं बघत होतो, म्हणाले. पांझरा नदीच्या बाजूला दोन दिवस संध्याकाळी ढग जमतायत, अजून पोटाला गाठोडी नाहीत. गुलाबांवर तुमची लुगडी तशीच आहेत. एक निळं इरकली मी काढून धुऊन ठेवलं, ते झाडावर घालायचं नव्हतं.

ढग नोंदवावेत म्हणून तुमची वही काढली. विचारलं नाही, माफी असावी. दिवाळीपासून रोज एकच नोंद आहे, ढग तसाच. अक्षर मोठं होत गेलंय, शेवटी एका पानावर दोनच शब्द मावलेत. ते पाहवेना म्हणून मागची वही उघडली, मग तिच्या मागची. १९९१ ची सापडली. फेब्रुवारीतली ओळ आहे, तंतुमेघ, वारा पश्चिमेचा, आणि पुढे, सु. रोज चोरून तांब्या घालते आहे, घालू दे.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही खिडकीतून पाहत होतात, आणि त्या वर्षीची सगळी फुलं तुम्ही जाऊ दिलीत. मग आठ दिवसांनी ते वाक्य मला सुनावलंत. मी ती वही होती तिथे ठेवली आणि अंगणात आले.

आज ताणाचा तेरावा दिवस. मोगऱ्याची पानं मार खाल्लेल्या कुत्र्याच्या कानांसारखी खाली पडली आहेत, दोन पिवळी झाली. तुम्ही दुपारी त्याच्याकडे जाऊ नकोस म्हणाला होतात. मी त्याच्याशेजारीच बसून हे लिहिते आहे. बोलत नाही. तांब्या भरलेला आहे, माझ्या उजव्या हाताला.

हे पत्र टपालात चार-पाच दिवस असेल आणि पाडव्याची सुट्टी झाल्यावरच तुमच्या हाती पडेल, हे मी मोजलंय. तुमचं उत्तर काय येणार, हेही मला ठाऊक आहे. ते येईपर्यंत मी थांबते. विचारल्याशिवाय घालायचं नाही, एवढं मी ठरवलंय, म्हणून विचारते.

लोभ चौतीस वर्षं होता तसाच, खिडकीतून, असू द्यावा. आणि आज दुपारी एक तांब्या, फक्त एक, घालू द्यावा, ही विनंती.

आपली,
सुलक्षणा